रणजी फायनलमध्ये दिल्ली हरली होती की विदर्भ जिंकला होता?

१ जानेवारी २०१८. इंदूरचं होळकर स्टेडियम. रणजी करंडकाच्या फायनलचा चौथा दिवस. विदर्भाला जिंकायला हव्या होत्या फक्त २९ धावा. एक विकेट गेली, मग वसीम जाफरने एकाच ओव्हरमध्ये चौकारांची माळ लावली आणि विषय संपला. विदर्भ ९ गडी राखून जिंकला. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघाची ही पहिलीच फायनल होती आणि पहिल्याच फायनलमध्ये त्यांनी सात वेळच्या विजेत्या दिल्लीला हरवलं होतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरवरून सरळ रेषेत मोजलं तर इंदूर हे नागपूरपेक्षा जवळ आहे. मध्ये सातपुडा आडवा येतो म्हणून ते तसं वाटत नाही. क्रिकेटच्या नकाशावर मात्र संग्रामपूर नागपूरला जोडलेलं आहे. इथला एखादा पोरगा उद्या रणजी खेळला, तर त्याच्या टोपीवर महाराष्ट्र किंवा मुंबई नाही, विदर्भ लिहिलेलं असेल. म्हणजे त्या दिवशी इंदूरला जे झालं, ते संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, तेल्हारा या सगळ्या पट्ट्याचंही होतं.

पण या विजयाची बातमी कशी सांगितली गेली? 'चमत्कार', 'परीकथा', 'लिंबूटिंबू संघाची कमाल'. कौतुक भरपूर झालं, खोटं नाही. फक्त त्या कौतुकाच्या पोटात एक प्रश्न लपलेला होता: हे झालंच कसं?

छोटा संघ मोठी स्पर्धा जिंकतो तेव्हा माध्यमं त्याचं अभिनंदन करतात. पण अभिनंदन वेगळं आणि मान वेगळा. विदर्भाच्या बाबतीत हा फरक नीट दिसतो, कारण हा संघ एकदा जिंकून थांबला नाही.

मुळात विदर्भाचा संघ वेगळा का?

सोशल मीडियावर हा प्रश्न दर रणजी सीझनला येतो. एका राज्याचे तीन संघ कसे? उत्तर असं की भारतातल्या क्रिकेट संघटना राज्यांच्या आजच्या सीमा ठरण्याआधीपासूनच्या आहेत. १९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा एक संघ होता. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून बाहेर पडून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतरच्याच वर्षी, १९५७-५८ मध्ये विदर्भ या नावाने संघ रणजीत उतरला. गंमत म्हणजे प्रशासन मुंबईकडे गेलं तरी क्रिकेटमध्ये विदर्भ पुढची कित्येक वर्षं मध्य विभागातच खेळत राहिला. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान हे त्याचे नेहमीचे प्रतिस्पर्धी.

मुंबई, पुण्यातून चालणारी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आणि नागपुरातून चालणारी विदर्भ क्रिकेट असोसिएशन असे तीन कारभार तेव्हापासून आजवर वेगवेगळे आहेत. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतली पोरं नागपूरच्या कारभारात येतात.

या रचनेचा बातम्यांवर परिणाम झाला. मुंबईतल्या क्रीडा पत्रकारांसाठी 'आपला संघ' म्हणजे मुंबई, पुण्यातल्यांसाठी महाराष्ट्र. विदर्भ हा नागपूर आवृत्तीचा विषय. बाकी कोणाच्याच घरचा नाही. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष हे शब्द विदर्भात लहान मुलालाही माहीत असतात. बातम्यांचाही एक अनुशेष असतो, त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही एवढंच.

कोणी गंभीरपणे का घेत नव्हतं?

खरं सांगायचं तर कारणं होती. साठ वर्षांत विदर्भ एकदाही फायनलला पोहोचला नव्हता. रणजीत एलिट आणि प्लेट असे दोन दर्जे होते, त्या काळात विदर्भाने अनेक सीझन खालच्या प्लेट गटात काढले. विदर्भाकडून खेळता खेळता कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव, आणि तो दिवस उजाडायला २०११ साल लागलं.

पण २०१७ चा विदर्भ हा जुना विदर्भ राहिलेला नव्हता आणि हे इंदूरच्या फायनलआधीही दिसत होतं. २००८ मध्ये जामठ्याला नवं स्टेडियम झालं, वयोगटांच्या संघांवर काम सुरू झालं. बाहेरून अनुभवी माणसं आली. तामिळनाडूचा एस. बद्रीनाथ, कर्नाटकचा गणेश सतीश, मग मुंबईचा वसीम जाफर. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशा लागोपाठ दोन सीझनमध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला होता. दार ठोठावण्याचा आवाज येत होता. ऐकणारे कमी होते.

याचं साधं कारण रणजीच्या कव्हरेजमध्ये आहे. २०१७-१८ मध्ये २८ संघ होते. साखळी फेरीत एकाच वेळी देशभर डझनभर सामने चालू असतात आणि त्यातले मोजकेच टीव्हीवर दिसतात. पत्रकार कुठे जाणार? जिथे भारतीय संघातला खेळाडू खेळतोय तिथे. बाकी सामन्यांची बातमी म्हणजे चार ओळी आणि धावफलक. विदर्भाने कल्याणीला जाऊन बंगालला १० गडी राखून हरवलं, ड गटात पहिला नंबर काढला. हे सगळं या चार ओळींमध्ये होऊन गेलं. त्यामुळे संघ फायनलला आला तेव्हा वाटलं, हे अचानक कुठून उगवले!

कोलकाता आणि इंदूर: नेमकं काय झालं?

उपांत्यपूर्व फेरीत सुरतला विदर्भाने केरळला ४१२ धावांनी हरवलं. मग ईडन गार्डन्सवर सेमीफायनल, समोर आठ वेळचा विजेता कर्नाटक.

हा सामना फायनलपेक्षा मोठा होता असं मानणारे विदर्भात आजही भेटतात आणि त्यांचं चुकत नाही. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर गारद. कर्नाटकने ३०१ करून ११६ ची आघाडी घेतली. करुण नायरने शतक ठोकलं. इथे सामना संपल्यात जमा होता. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकला लक्ष्य मिळालं १९८ चं. कर्नाटकसारख्या बॅटिंगला १९८ म्हणजे काहीच नाही. रजनीश गुरबानी नावाच्या वेगवान गोलंदाजाने त्या डावात ६८ धावांत ७ विकेट काढल्या. पूर्ण सामन्यात १२. कर्नाटक १९२ वर ऑलआउट. अंतर ५ धावांचं.

गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे. साहजिकच बातमी तिथे अडकली. 'इंजिनिअर झाला बॉलर' हे शीर्षक म्हणून चांगलंच चालतं. पण तो चेंडू दोन्हीकडे कसा वळवतो, बॉलिंग कोच सुब्रतो बॅनर्जींसोबत त्याने काय काम केलं, हे वाचायला मिळायला थोडं शोधावं लागायचं.

२९ डिसेंबरला फायनल सुरू झाली. दिल्लीचा कॅप्टन ऋषभ पंत. संघात गौतम गंभीर, नितीश राणा, नवदीप सैनी. विदर्भाचा उमेश यादव सेमीफायनल खेळून भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला निघून गेला होता. त्याच्या जागी अकोल्याचा आदित्य ठाकरे आला. (नाव ऐकून दचकू नका, हा वेगवान गोलंदाज आहे.) प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना आणि तो थेट रणजी फायनल! पुढे त्याला अंडर-१९ वर्ल्ड कपच्या भारतीय संघातही बदली खेळाडू म्हणून बोलावणं आलं.

दिल्लीकडून ध्रुव शोरी एका बाजूने उभा राहिला, १४५ केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने विकास मिश्राला बोल्ड केलं, पुढच्या चेंडूवर सैनीला बोल्ड केलं, ओव्हर संपली. पुढच्या ओव्हरचा पहिला चेंडू, शोरी बोल्ड. हॅट्ट्रिक, तिन्ही बोल्ड. रणजी फायनलमध्ये अशी हॅट्ट्रिक त्याआधी एकानेच घेतली होती, तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरमने, १९७२-७३ मध्ये. गुरबानीचे आकडे ५९ धावांत ६. दिल्ली २९५.

मग विदर्भाने ५४७ चा डोंगर उभा केला. दिल्ली दुसऱ्या डावात २८० वर आटोपली. हिशोब करून पाहा: २५२ ची आघाडी वजा केली की उरतात २८. म्हणून लक्ष्य २९.

आता त्या चार दिवसांत बाहेर काय चाललं होतं तेही पाहायला हवं. फायनल सुरू झाली त्याच पहाटे, २९ डिसेंबरला, मुंबईत कमला मिल्सची आग लागली. फायनल संपली त्याच दिवशी, १ जानेवारीला, कोरेगाव भीमाचा हिंसाचार झाला. ५ जानेवारीपासून केपटाऊनला भारताची कसोटी होती आणि खेळाच्या पानांवर कोहलीचा संघ होता. महाराष्ट्रातल्या कुठल्याही संपादकाला त्या आठवड्यात रणजीला मोठी जागा देणं अवघड होतं. प्रत्येक वेळी जागा न मिळण्यामागे आकसच असतो असं नाही. काही वेळा तारीखच वाईट निघते.

मग श्रेय कोणाला मिळालं?

इथे मुद्दा जरा नाजूक आहे.

विदर्भाच्या विजयाची जी गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली गेली तिचे हिरो दोन होते: कोच चंद्रकांत पंडित आणि वसीम जाफर. दोघेही मुंबईचे. पंडित यांनी मुंबईला कोच म्हणून तीन रणजी जिंकून दिले होते. २०१६-१७ ची फायनल मुंबई गुजरातकडून हरली, त्यानंतर मुंबईने त्यांना बाजूला केलं आणि ते विदर्भात आले. शिस्तीचा मास्तर, नाकारलेला माणूस, नव्या संघाला घेऊन परत येतो. गोष्ट म्हणून जबरदस्त आहे. जाफरचंही तसंच. आठ रणजी मुंबईसोबत जिंकलेला माणूस दुखापतीमुळे आधीचा सीझन खेळू शकला नव्हता, तेव्हाचे पैसे विदर्भाने दिले होते म्हणून २०१७-१८ मध्ये तो मानधन न घेता खेळला, असं त्याने स्वतः नंतर सांगितलं.

हे दोघं नसते तर करंडक आला असता का? बहुधा नाही. ड्रेसिंग रूममध्ये पंडित यांनी जी भीती आणि जी सवय लावली, तिच्याबद्दल विदर्भाचे खेळाडू स्वतःच बोलत आले आहेत.

पण धावफलकही वाचावा. फायनलमधल्या ५४७ धावांत जाफरच्या ७८. कॅप्टन फैज फझलच्या ६७. अक्षय वाडकर या तरुण विकेटकीपरने १३३ केल्या, त्याचं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक. खाली आदित्य सरवटे ७९ आणि सिद्धेश नेरळ ७४. म्हणजे अर्ध्याहून जास्त धावा वाडकर, सरवटे आणि नेरळ या तिघांच्या. फायनलमध्ये बॉलिंग करणारे गुरबानी, ठाकरे, नेरळ, वखरे, सरवटे हे पाचही जण विदर्भाच्याच व्यवस्थेतून आलेले. अकरा जणांत बाहेरून आलेले मुख्य खेळाडू दोनच होते, जाफर आणि गणेश सतीश. पूर्ण सीझनमध्ये ९१२ धावा काढून देशात दुसरा नंबर पटकावणारा फझल नागपूरचा, ३९ विकेट घेणारा गुरबानीही विदर्भाचाच.

मग गोष्ट मुंबईकडे का सरकली? मानसशास्त्रात यावर एक जुना अभ्यास आहे. रॉबर्ट चालडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत पाहिलं की आपल्या कॉलेजची फुटबॉल टीम शनिवारी जिंकली की सोमवारी पोरं कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त घालून येतात. आणि बोलताना 'आपण जिंकलो' म्हणतात. हरल्यावर मात्र 'ते हरले'. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात आपण ऊब घेतो, असं त्यांचं म्हणणं. ज्या शहरात वाचक जास्त, पत्रकार जास्त, त्या शहराला बातमीत आपला माणूस लागतो. मुंबईला तो पंडित आणि जाफर यांच्यात सापडला. यात कोणी कट केला नव्हता, पण अक्षय वाडकर बातमीत चौथ्या परिच्छेदात गेला हेही खरं.

डेट्रॉइटला काय झालं होतं?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २००४ चं अमेरिकेतलं बास्केटबॉल घ्या. एनबीए फायनलमध्ये एका बाजूला लॉस एंजेलिस लेकर्स. शकील ओनील, कोबी ब्रायंट आणि शेवटी शेवटी तरी अंगठी मिळावी म्हणून कमी पैशात आलेले कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. समोर डेट्रॉइट पिस्टन्स, ज्यांच्याकडे त्या तोडीचा एकही स्टार नव्हता. लेकर्स सहज जिंकणार असंच बहुतेकांनी धरलं होतं.

पिस्टन्सने मालिका ४-१ ने जिंकली. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला चॉन्सी बिलप्स, ज्याला आधी एकामागून एक संघांनी सोडून दिलं होतं.

त्यानंतर चर्चा कशाची झाली? शॅक आणि कोबीचं पटत नव्हतं. मलोनचा गुडघा दुखावला होता. लेकर्सचं काय चुकलं? पिस्टन्सच्या बचावाने लेकर्सला धावूच दिलं नाही, बेन वॉलेसने स्वतःपेक्षा कितीतरी धिप्पाड शॅकसमोर उभं राहून काम केलं, पाच जणांनी मिळून एक भिंत बांधली, हे दुसऱ्या नंबरला आलं. आजही तो सीझन अनेकांना 'लेकर्स फुटले ते वर्ष' म्हणूनच आठवतो.

बचाव टीव्हीवर सुंदर दिसत नाही, ही त्यातली मोठी अडचण. डंक मारलेला व्हिडिओ फिरतो, न मारू दिलेला डंक कोण शेअर करणार? विदर्भाचं क्रिकेटही त्याच जातीचं आहे. चार दिवस टिचून बॅटिंग, टप्प्यावर बॉलिंग, समोरच्याची चूक होईपर्यंत वाट पाहणं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये बसायला यातलं फारसं काही नसतं. इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१६ मध्ये फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा सट्टेबाजांनी त्यांना दिलेला ५००० ला १ हा भाव जगभर छापून आला, कारण एवढा एक आकडा पुरतो. विदर्भावर असा भावही कोणी लावलेला नव्हता.

दुसऱ्यांदा जिंकल्यावर

२०१८-१९ चा सीझन सुरू झाला तेव्हा विदर्भासमोर एक न विचारलेला प्रश्न होता. गेल्या वर्षी नशीब लागलं होतं का?

खरं तर रणजी हा तुक्का लागण्याचा खेळ नाही. ट्वेंटी-२० मध्ये एक माणूस चाळीस मिनिटं पेटला की मॅच फिरते. इथे साखळीचे चार-चार दिवसांचे सामने, मग पाच दिवसांचे बाद फेरीचे तीन सामने, वेगवेगळ्या पिचवर, वेगवेगळ्या शहरांत. तीन महिने नशीब साथ देत नाही. तरी प्रश्न होताच.

सेमीफायनलला केरळमध्ये वायनाडला विदर्भाने दोन दिवसांत डावाने विजय मिळवला, उमेश यादवने १२ विकेट घेतल्या. फायनल नागपूरला, जामठ्यावर, सौराष्ट्रविरुद्ध. सौराष्ट्रकडे चेतेश्वर पुजारा होता, नुकताच ऑस्ट्रेलियात तीन शतकं ठोकून आलेला. सगळ्या बातम्या त्याच्याभोवती. डावखुऱ्या फिरकीपटू आदित्य सरवटेने त्याला दोन्ही डावांत आउट केलं, एकदा १ वर, एकदा शून्यावर. सरवटेच्या सामन्यात ११ विकेट. २०६ चं लक्ष्य घेऊन उतरलेला सौराष्ट्र १२७ वर संपला, विदर्भ ७८ धावांनी जिंकला. जाफरने त्या सीझनमध्ये चाळिशीत १०३७ धावा काढल्या. त्याचं हे दहावं रणजी विजेतेपद, दहा फायनल खेळून.

करंडक राखणं फार थोड्या संघांना जमलंय. महाराष्ट्राच्या संघाने ते १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये केलं होतं, आणि त्यानंतर महाराष्ट्राला एकही रणजी जिंकता आलेला नाही.

लगेच त्याच फेब्रुवारीत नागपूरला इराणी करंडक झाला. सामना चालू असताना, १४ फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला. त्यात बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान शहीद झाले, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. विदर्भाने इराणी करंडकही राखला आणि फैज फझलने बक्षिसाची रक्कम शहिदांच्या कुटुंबांना देत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी विदर्भाबद्दल सगळ्यात जास्त शेअर झालेल्या बातम्यांपैकी ही एक असावी.

दुसऱ्या विजेतेपदानंतर भाषा बदलली हे मान्य करावं लागेल. 'चमत्कार' हा शब्द कमी झाला, 'व्यवस्था' हा शब्द आला. नागपूरच्या अकॅडमीबद्दल, वयोगटांच्या संघांबद्दल, बाकी संघटनांनी विदर्भाकडून काय शिकावं याबद्दल लेख आले.

आणि निवड समिती?

मानाचं एक माप छापील शब्दांत असतं, दुसरं निवडीत.

फैज फझल भारताकडून एकच वनडे खेळला. १५ जून २०१६, हरारे, झिम्बाब्वेविरुद्ध. नाबाद ५५. भारत १० गडी राखून जिंकला. तो सामना त्याचा पहिलाही आणि शेवटचाही. त्यानंतर त्याने कॅप्टन म्हणून लागोपाठ दोन रणजी आणि दोन इराणी करंडक जिंकले, एका सीझनमध्ये ९१२ धावा केल्या. भारतीय संघाचा फोन परत आला नाही. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला.

इथे फक्त अन्याय म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तेव्हा फझल तिशी ओलांडलेला होता, सलामीला स्पर्धा मोठी होती, निवड समितीला पुढची दहा वर्षं दिसत असतात. ही बाजूही खरी. तरी एक प्रश्न उरतोच: हेच आकडे मुंबई किंवा दिल्लीच्या कॅप्टनचे असते तर टीव्हीवरच्या किती चर्चांमध्ये त्याचं नाव निघालं असतं? माध्यमं संघ निवडत नाहीत. पण कोणाच्या न निवडण्यावर आरडाओरडा होणार, हे मात्र तीच ठरवतात.

२०२५ मध्ये उलटं झालं

मधल्या काळात पंडित मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही पहिला रणजी जिंकून दिला. जाफर निवृत्त झाला. विदर्भ संपेल असं धरणारे होते. २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा फायनलला गेला, वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. ५३८ चा पाठलाग करताना कॅप्टन अक्षय वाडकरने शतक काढलं. पुढच्या वर्षी सेमीफायनलला त्याच मुंबईला ८० धावांनी घरी पाठवलं आणि फायनल नागपूरला. समोर केरळ.

आणि इथे भूमिका बदलल्या. केरळची ही पहिलीच रणजी फायनल. उपांत्यपूर्व फेरीत ते एका धावेच्या आघाडीवर पुढे आले होते, सेमीफायनलमध्ये दोन धावांच्या, तीही फिल्डरच्या हेल्मेटला लागून उडालेल्या कॅचमुळे. परीकथा आता केरळची होती. विदर्भ? विदर्भ म्हणजे घरच्या मैदानावरचा तगडा, जिंकून जिंकून सरावलेला संघ. ज्यांनी २०१८ पाहिलं होतं त्यांना हे वाचताना हसू आलं असेल.

गंमत अशी की केरळकडून पहिल्या डावात ७९ धावा केल्या त्या आदित्य सरवटेने. तोच, विदर्भाचा. तो त्या सीझनला केरळकडे गेला होता. आणि विदर्भाकडून खेळत होते ध्रुव शोरी आणि करुण नायर. एकाने २०१७ मध्ये इंदूरला विदर्भाविरुद्ध शतक ठोकलं होतं, दुसऱ्याने कोलकात्याला.

विदर्भाच्या ३७९, केरळच्या ३४२. ३७ धावांची आघाडी निर्णायक ठरली, सामना अनिर्णित राहिला आणि करंडक तिसऱ्यांदा नागपूरला राहिला. दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या पोराने १५३ आणि ७३ केल्या. करुण नायरने ८६ आणि १३५. यश राठोड ९६० धावांसह सीझनमध्ये देशात पहिला. आणि हर्ष दुबेने ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका सीझनमधला विक्रम. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा होता, ६८ चा.

जास्त चर्चा कशाची झाली? करुण नायरच्या पुनरागमनाची आणि केरळच्या जिद्दीची. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही चांगल्या. फायनल संपली तो दिवस होता रविवार, २ मार्च. त्याच दिवशी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत-न्यूझीलंड सामना होता. तारीख पुन्हा वाईट निघाली.

पण एक गोष्ट या वेळी वेगळी झाली. 'यांना कोणी जिंकवलं?' हा प्रश्न फारसा आला नाही. कोच उस्मान घनी विदर्भाचेच होते, कॅप्टन वाडकर विदर्भाचा. हर्ष दुबेला त्याच वर्षी आयपीएलमध्ये हैदराबादने बदली खेळाडू म्हणून घेतलं, भारत अ संघाचं दार उघडलं. ६९ विकेटांवर डोळेझाक करणं कोणालाच जमणार नव्हतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पुन्हा इराणी करंडक झाला. विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. सामन्याचा मानकरी ठरला पहिल्या डावात १४३ करणारा सलामीवीर अथर्व तायडे. तो अकोल्याचा, म्हणजे संग्रामपूरच्या शेजारच्याच जिल्ह्यातला.